कडीचा आवाज : टिकली प्रकल्पाच्या नोंदी

५ जानेवारी

उद्या कुत्र्याचं पिल्लू येतंय. ऑफिसातल्या सवयीनं वहीच्या पहिल्या पानावर नाव, उद्दिष्ट आणि मुदत लिहून टाकली.

नाव : टिकली. कपाळावर पांढरा ठिपका आहे. आईनं फोटो बघताक्षणी ठेवलं, चर्चेला वाव नव्हता.
उद्दिष्ट : घरात कोणी नसताना, दार लावलेल्या क्रेटमध्ये, दोन तास शांत राहणे.
मुदत : २८ फेब्रुवारी. मार्चपासून मला आठवड्यातले तीन दिवस ऑफिसला जावं लागेल आणि त्यातल्या दोन दुपारी आईही बाहेर असते.

क्रेट तारेचा आहे, ९० सेंटिमीटर लांब, मध्ये सरकवता येणारी जाळी. मोठेपणी लागेल त्या मापाचा घेतला आणि जाळी पुढे आणून जागा निम्मी केली. उभं राहता यावं, गिरकी घेता यावी, पाय ताणून झोपता यावं, एवढीच जागा हवी. जास्त मिळाली तर पिल्लू एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्यात कार्यक्रम उरकतं.

वही क्रेटच्या वरच्या तारेला दोरीनं बांधली, पेन्सिलीसकट.

आई म्हणाली, "एवढा मोठा पिंजरा! वाघ आणतेयस का?" मी म्हटलं, पिंजरा नाही गं, क्रेट म्हणायचं. "नाव बदललं की गज जातात होय?"

६ जानेवारी

आली. साधारण नऊ आठवड्यांची, वजन ३.४ किलो. तात्पुरतं सांभाळणाऱ्या ताईंनी तिच्या आईच्या अंगाखालचं फडकं सोबत दिलं होतं, ते क्रेटमध्ये अंथरलं. दार मागे वळवून दोरीनं पक्कं बांधून ठेवलंय, चुकून धाडकन लागायला नको. घरात फिरताना पट्टा घालते, पण क्रेटमध्ये जाताना काढून ठेवायचा. तारेत अडकून फास बसू शकतो.

दिवसभर ती क्रेटकडे फिरकली नाही, सोफ्याखाली बसून होती. जबरदस्ती केली नाही.

रात्री क्रेट माझ्या खोलीत आणला आणि मी जमिनीवर गादी टाकून त्याला चिकटून झोपले. भावंडांच्या ढिगात झोपायची सवय असलेल्या जिवाला पहिल्याच रात्री दुसऱ्या खोलीत एकटं ठेवणं मला पटत नाही. दार उघडंच होतं, दारासमोर मी आडवी. जाळीतून बोटं आत घातली की कुणकुण थांबत होती.
११.२० बाहेर नेलं, शू.
२.१० शू.
४.४५ शू, शी.
दिवा लावला नाही, बोलले नाही, खेळले नाही. काम झालं की परत आत.

८ जानेवारी

शी-शूचा तक्ता. दोन दिवसांत २३ नोंदी, त्यातल्या सहा घरात. सहाही माझ्या चुकीनं. झोपून उठल्यावर लगेच, खाल्ल्यावर पाच ते पंधरा मिनिटांत आणि खेळता खेळता मध्येच वास घेत गोल फिरायला लागली की, या तीन वेळा पकडल्या तर फारसं काही उरत नाही. पिल्लू जितक्या महिन्यांचं त्यात एक मिळवायचा, तितके तास ते धरू शकतं, असा एक ठोकताळा आहे. तो झोपलेल्या पिल्लाचा समजावा. जागी असताना, धुडगूस चालू असताना टिकली पाऊण तासही धरत नाही.

दोन्ही दिवस सगळं खाणं क्रेटमध्ये. वाटी आधी उंबरठ्यावर, मग वीतभर आत. आज संध्याकाळी शेपटीसकट पूर्ण आत गेली. दार उघडंच.

१० जानेवारी

डॉक्टरांकडे. पहिली लस आणि जंतांचं औषध. पुढची लस तीन आठवड्यांनी, शेवटची सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर. एकाच दमात का देत नाहीत, असं आईनं विचारलं. कारण असं की आईच्या चिकातून आलेली प्रतिपिंडं पिल्लाला सुरुवातीचे काही आठवडे वाचवतात, पण तीच लशीलाही निकामी करतात. ती नेमकी कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून ठरावीक अंतरानं देत राहायचं, म्हणजे एक तरी नेमकी लागते.

तोवर इतर कुत्री फिरतात तिथे जमिनीवर सोडायचं नाही. पार्व्हो म्हणजे पिल्लांचा जीवघेणा जुलाब-उलट्यांचा रोग, त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. १९७८मध्ये तो पहिल्यांदा जगभर पसरला तेव्हा कुत्र्यांच्या अंगात त्याच्याविरुद्ध काहीच तयार नव्हतं आणि पिल्लं भराभर गेली.

पण कोंडूनही ठेवायचं नाही. पिल्लाला जग ओळखीचं करून द्यायची वेळ साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतची. स्कॉट आणि फुलर या दोघांनी अमेरिकेतल्या बार हार्बरच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून याचा अभ्यास केला होता. म्हणजे लशींचा कालावधी आणि जग बघण्याचा कालावधी एकमेकांवर बसलेले. यातली वाट म्हणजे कडेवर घेऊन फिरवणं. रोज वीस मिनिटं. आज : छत्री, सायकल, काठी टेकत चालणारे आजोबा, हेल्मेट घातलेला माणूस. हेल्मेटवर भुंकली.

१२ जानेवारी

वाईट दिवस.

सकाळी ती क्रेटमध्ये खात होती. मला आंघोळीला जायचं होतं. म्हटलं, आतच आहे, दहा मिनिटांचा प्रश्न आहे. दार लावलं, कडी सरकवली आणि गेले.

चौथ्या मिनिटाला सुरू झालं. मी बाहेर आले नाही. "रडताना दार उघडलं की रडायची सवय लागते," हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की ते डोक्यात रुतून बसलंय. चौदाव्या मिनिटाला आले तेव्हा फडकं लाळेनं आणि शूनं भिजलं होतं, नाकाचा शेंडा तारेवर घासून लाल झाला होता आणि तिचा आवाज बसला होता. आई नेमकी खाली गेली होती. ती परत आली, क्रेटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

ते वाक्य कुठे लागू आहे आणि कुठे नाही, हे मला आधी कळायला हवं होतं. बाहेर यायचंय म्हणून कुरकुरणारं पिल्लू मध्ये थांबतं, कान देतं, पुन्हा कुरकुरतं. त्याला एक-दोन मिनिटं देता येतात. घाबरलेलं पिल्लू थांबतच नाही. आवाज चढत जातो, लाळ गळते, ते खणतं, चावतं. तिथे थांबून काहीही शिकवलं जात नाही. शिकलं जातं ते एवढंच की ही जागा भयंकर आहे.

१३ जानेवारी

आत जात नाही. वाटी आत ठेवली तर मागचे दोन्ही पाय बाहेर रोवून मान लांबवते, एक घास उचलते आणि मागे पळते. आठ दिवसांची कमाई चौदा मिनिटांत गेली.

रात्री आईनं विचारलं, "नाहीच ठेवलं पिंजऱ्यात तर काय होईल?"

माझ्याकडे ठरलेलं उत्तर होतं : कुत्रा मुळात गुहेत राहणारा प्राणी, त्याला बंदिस्त जागा आवडते. म्हटलं खरं, पण माझंच मला पटेना. लांडगे गुहा वापरतात ती पिल्लं जन्मतात तेव्हा, आणि आठ-दहा आठवड्यांत पिल्लं ती सोडून उघड्यावर राहू लागतात. म्हणजे टिकलीच्या वयाला. मोठे लांडगे एरवी उघड्यावरच झोपतात. आणि गुहेला दार नसतं, कडी तर नसतेच. स्वीडन आणि फिनलंडमध्ये तर प्रवासासारखे अपवाद सोडले तर कुत्र्याला घरात क्रेटमध्ये बंद ठेवायला कायद्यानंच मनाई आहे. तिथलीही कुत्री मोठी होतात आणि घरं शाबूत राहतात.

मग मी का करतेय? तर ती वायर चावते म्हणून, उद्या दवाखान्यात किंवा गाडीत बंद जागेत राहायची वेळ येईल म्हणून आणि ते दोन तास मला दुसरा उपाय नाही म्हणून. ही माझी गरज आहे, तिची नाही. एवढं वहीत लिहिलं आणि बरं वाटलं. पण गरज माझी असेल तर घाई करायचा हक्कही माझा नाही.

१४ ते १९ जानेवारी

क्रेटचं दार बिजागरीतून काढूनच टाकलं. उद्दिष्टात बदल नाही, वेळापत्रक फाडलं.

१४ : वाटी उंबरठ्याबाहेर.
१५ : तेच.
१६ : उंबरठ्यावर. पुढचे दोन पाय आत.
१७ : मी बघत नसताना आत जाऊन हुंगून आली. आत मुद्दाम टाकलेले चार दाणे गायब.
१८ : पूर्ण आत, खाऊन लगेच बाहेर.
१९ : दुपारी स्वतःहून आत जाऊन झोपली. ५२ मिनिटं. मी खुर्चीतून हलले नाही, पाय बधिर झाले.

२० जानेवारी

दार परत बसवलं. जुना मोबाइल कपाटावर ठेवून चित्रीकरण करतेय. ती आत, मी समोर मांडी घालून. दार हातानं ढकलून लावलं, पंधरा सेकंद, उघडलं. काही नाही. तीस सेकंद. काही नाही. म्हणजे बंद दाराची भीती नाही. मग कडी सरकवली, मी तिथेच बसलेली असताना. ताबडतोब कान मागे, ओठ चाटणं, जांभई, मान वळवणं. लगेच उघडलं.

संध्याकाळी खुलासा झाला. क्रेटच्या बाजूलाही एक छोटं दार आहे, त्याची कडी घट्ट बसते का ते बघत होते. टिकली खोलीच्या दुसऱ्या टोकाला मोज्याशी झुंजत होती. कडी वाजली, "खर्र-खट्". मोजा टाकून ती थेट सोफ्याखाली.

क्रेट नाही, दार नाही, कडीचा आवाज! त्या दिवशी तिनं ऐकलेली शेवटची गोष्ट ती होती, आणि त्यानंतर मी गेले.

रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हला १९०४चं नोबेल मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी, आणि पाचकरस मोजता मोजताच त्याच्या लक्षात आलं होतं की खाण्याआधीची चाहूलच कुत्र्याच्या तोंडाला पाणी आणते. माझ्या चौदा मिनिटांत तेच घडलं, फक्त उलट बाजूनं.

पहिला विचार आला, कडीला कापड गुंडाळून आवाजच बंद करावा. मग वाटलं, एखाद्या दिवशी कापड सुटेल आणि पुन्हा पहिल्या पानावर. आवाज राहू दे, त्याचा अर्थ बदलू. कडीवर चिकटपट्टीचे चार थर दिले, म्हणजे आवाज हळू. ती क्रेटबाहेर, दार उघडं. कडी सरकवायची, एक श्वास थांबायचं, मग खिशात हात घालून दाणा द्यायचा. हा क्रम महत्त्वाचा. हात आधी हलला तर ती हात शिकते, आवाज नाही. एका वेळी पंधरा, दिवसातून तीनदा. दाणे तिच्या रोजच्या मापातलेच.

२३ जानेवारी

आवाज झाला की वळून माझ्याकडे बघते. चिकटपट्टीचा एक थर काढला.

२५ जानेवारी

आणखी एक थर. आता ती आत असताना. कडी लावायची, दाणा, कडी उघडायची. सेकंदांचा क्रम : २, ५, ३, ८, ४, १२, २, १०. प्रत्येक वेळी वाढवत नेलं तर पिल्लाला कळतं की दर खेपेला अवघडच होत जाणार, आणि ते आधीच कुरकुरतं. मध्ये मध्ये सोपी खेप पेरायची. हे मला कागदावर कळत होतं, पण हात मात्र सारखा पुढच्या आकड्याकडे धावतो. दिवसाकाठी २० सेकंदांची प्रगती कोणत्याही अहवालात दाखवता येत नाही.

२९ जानेवारी

क्रेट सोडून. दात! २८ दुधाचे दात, सुईसारखे. रोज संध्याकाळी सातला अंगात वारं शिरतं : घरभर धावणं, पडद्याला लोंबकळणं, माझ्या घोट्यांचा चावा. जास्त खेळवून दमवायचा प्रयोग चार दिवस केला, अवस्था बिघडलीच. मग झोप मोजली. या वयात दिवसाला अठरा-वीस तास झोप लागते, हिची भरत होती साडेतेरा. पाहुणे, फोन, मी, आई, सगळे तिला जागं ठेवत होतो. साडेपाचला दिवे मंद करून क्रेटच्या उघड्या दाराशी बसले. वीस मिनिटांत झोपली, सव्वासातला उठली, पडदा वाचला.

१ फेब्रुवारी

दुसरी लस. वजन ५.६. चिकटपट्टी पूर्ण काढून तीन दिवस झाले. कडी लावून मी खोलीतच, सहा मिनिटं. रात्री एकदाच उठते, साडेतीनला.

डॉक्टर म्हणाले, पिल्लांच्या वर्गाला न्यायला हरकत नाही. अमेरिकेतल्या प्राणिवर्तनावर काम करणाऱ्या पशुवैद्यकांच्या संघटनेनं २००८मध्ये हेच सांगितलं होतं : पहिल्या लशीला सात दिवस झाले की स्वच्छ जागी, लस घेतलेल्या पिल्लांत मिसळू द्यावं. गेलो. हेल्मेटवाल्यांवर भुंकणारी ही वाघीण छोट्या पांढऱ्या पिल्लाला बघून माझ्या पायांत लपली.

७ फेब्रुवारी

मागे गेलो. सलग दोन दिवस क्रेटमध्ये शू. ती मोठी दिसतेय म्हणून मी जाळी एकदम मागच्या टोकाला नेली होती. मागे शू, पुढे झोप, पहिल्याच दिवशी लिहून ठेवलेलं. जाळी परत पुढे आणली, आधीपेक्षा चार बोटं मागे फक्त. ट्रे एन्झाइमवाल्या क्लीनरनं धुतला. अमोनियाच्या क्लीनरचा वास कुत्र्याला मुतारीसारखाच येतो, म्हणजे आपण पुसतो आणि पाटीही लावतो.

९ ते १५ फेब्रुवारी

खोलीबाहेर जायला सुरुवात. दुपारच्या खेपा, मिनिटांत :
९ : ३
१० : ७
११ : ९
१२ : २६
१३ : ८
१४ : ३१
१५ : ११
१२ आणि १४ला उडी का, कळत नाही. हवा, खाणं, खेळ, सगळं ताडून पाहिलं. १२ आणि १४ला सकाळी मी ऑफिसच्या बैठकीत अडकले होते, दोन्ही दिवशी तिच्याकडे फार लक्षही दिलं नव्हतं. माझं लक्ष नसणं हाच उपाय असेल तर अपमानास्पद आहे.

१६ फेब्रुवारी

वहीची मागची पानं चाळताना शेवटच्या पानावर माझ्या अक्षरात नसलेल्या दोन नोंदी सापडल्या.

"१२ ता. सकाळी ११. पिंजऱ्याचं दार उघडं ठेवून शेजारी बसून निवडटिपण केलं. ती आत झोपली. उठून स्वयंपाकघरात गेले, आले. गेले, आले. डोळा उघडून बघायची, पुन्हा झोपायची. कडी वाजवली नाही, उगाच कशाला."

"१४ ता. तसंच. आज गेले-आले पंधरा वेळा. शेवटी तिनं डोळा उघडणंही सोडलं."

आईला विचारलं. "अगं, तुझं सगळं घड्याळावर. जाणाऱ्या माणसाकडे रोज बघितलं की त्याचं जाणं दिसेनासं होतं. तुझे बाबा फिरतीवर जायचे तेव्हा तुझंही असंच केलं होतं."

मी कडीचा अर्थ बदलत बसले होते. जाण्याचा अर्थ बदलायचं राहून गेलं होतं. किल्ल्या उचलणं, चपला घालणं, बॅग खांद्याला लावणं, या सगळ्या माझ्या आणखी कड्याच. आजपासून किल्ल्या उचलायच्या आणि सोफ्यावर बसायचं. चपला घालून पुस्तक वाचायचं. दिवसभर. आईच्या नोंदी तक्त्यात उतरवून घेतल्या, तिच्याच शब्दांत.

२१ फेब्रुवारी

४० मिनिटं, घराबाहेर, जिन्यात बसून, मोबाइलवर बघत.

२४ फेब्रुवारी

एक तास दहा. काल रात्री सलग साडेसहा तास झोप, तिची आणि माझी.

२७ फेब्रुवारी

चाचणी. आधी फिरवलं, शी-शू झाली, खाऊ भरलेलं रबरी खेळणं दिलं, कडी लावली. दोघी बाहेर पडलो आणि जवळच्या बाकावर मोबाइलकडे बघत बसलो.

० : खेळणं चाटतेय.
११ मिनिटं : दोनदा कुईं, मग थांबून कान दिला.
१४ : आडवी.
४७ : उठली, दाराकडे बघितलं, कूस बदलली.
१ तास ३२ : खेळणं पुन्हा.
२ तास ६ मिनिटं : आम्ही परत.

किल्लीच्या आवाजाला फक्त मान उचलली. कडी उघडली, दार सताड केलं. बाहेर येईना. शेपूट हलवत आतच बसून माझ्या खिशाकडे बघत राहिली. कडी वाजली म्हणजे दाणा येणार, हे तिचं पाठ झालंय, आणि आज माझा खिसा रिकामा होता. आई दाणा आणायला गेली. तो खाऊन मग मॅडम बाहेर आल्या.

कडी उघडली की बाहेर यायचं, हे आता वेगळं शिकवावं लागणार. नवीन पान.

१ मार्च

तिसरी लस आणि रेबीजची. वजन ८.१. डॉक्टर म्हणाले, दोन आठवड्यांनी जमिनीवर फिरवा.

ट्रे पुसताना कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी सापडलं. पुढचा दुधाचा दात. आता सहा-सात महिन्यांची होईपर्यंत ४२ पक्के दात येत राहतील, म्हणजे क्रेटपेक्षा खुर्चीच्या पायांची काळजी जास्त. दात वहीला चिकटपट्टीनं चिकटवला, कडीवरून उरलेल्या त्याच गुंडाळीतल्या.

खाली आईची नोंद : "जाळी अजून चार बोटं मागे केली. पाय तारेला लागत होते."